शाळेचं मैदान सुधारायचंय? आधी पोरांना विचारा, मग पैसे काढा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, पहिली ते आठवी, पट शंभरच्या आत. आत्तापर्यंत दोन शाळांच्या आवाराची कामं मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळून बघितली, त्यातलं एक पार फसलं आणि एक चांगलं जमलं. फसलं त्या शाळेत सगळं आम्ही मोठ्यांनीच ठरवलं होतं. गेटपासून ऑफिसपर्यंत पेव्हर ब्लॉक, मधोमध गोल कारंजं, भिंतीकडेला शोभेची झाडं. पैसे सगळे खर्च झाले. पण एप्रिलमध्ये ते ब्लॉक इतके तापायचे की चप्पल नसलेली पोरं कडेच्या मातीतून चालायची, कारंजाला पाणी पुरेना, आणि लंगडी खेळायची पोरींची जी सपाट जागा होती नेमकी तीच कारंजाखाली गेली होती. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण एकाही मुलीला आधी विचारलं असतं तर तिनं एका मिनिटात सांगितलं असतं.

दुसऱ्या शाळेत आम्ही पहिले दोन महिने एक रुपया खर्च केला नाही. फक्त बघितलं, मोजलं आणि विचारलं. ती पद्धत इथं सविस्तर लिहितेय म्हणजे कुणाला करायचं असेल तर सरळ करता येईल.

आधी कागद आणि हद्द

मुलांना विचारायच्या आधी आपल्या हातात काय आहे ते बघून घ्या. जागा नक्की कुणाच्या नावावर आहे, उतारा काय म्हणतो, हद्दीचे दगड कुठं आहेत, शेजाऱ्याचा गोठा आत आलाय का. पडक्या खोल्या असतील तर त्यांचं निर्लेखन (म्हणजे पाडायसाठी सरकारी नोंदीतून कमी करणं) झालंय का ते बघा, नाहीतर त्यांना हात लावता येत नाही आणि त्यांच्या आसपास मुलांना फिरकू देणंसुद्धा धोक्याचं. वरून विजेच्या तारा कुठून जातात, जुनी विहीर, बोअर, शौचालयाची टाकी कुठं आहे, हे सगळं एका कागदावर आणा.

मग पैसे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून जे संयुक्त शाळा अनुदान येतं ते पटावर ठरतं, ३० पटापर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, आणि त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं त्यातूनच भागवायचं असल्यामुळे मैदानाला त्यातलं फारसं उरत नाही, हे आधीच धरून चाला. ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो, म्हणून हात धुवायचं स्टेशन, शौचालय दुरुस्ती, छतावरचं पाणी साठवणं अशी कामं तिकडे मागितली तर मिळायची शक्यता जास्त. मुरूम, माती, ट्रॅक्टर, मजुरी हे गावातून लोकसहभागातून होतं, आणि खरं सांगायचं तर आमचं अर्ध्याहून जास्त काम तसंच झालं.

हे आधी का करायचं तर मुलांना विचारलं आणि नंतर "ते होणार नाही" म्हणालो, असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी पोरं तोंडच उघडत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना खरं सांगा, साधारण एवढे पैसे आहेत, या जागेला हात लावता येणार नाही, बाकीचं आपण मिळून ठरवू.

शाळा व्यवस्थापन समितीला सुरुवातीपासून बरोबर घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करायची जबाबदारी समितीचीच असते. मैदानाचं काम त्या आराखड्यात बसवलं म्हणजे मुख्याध्यापकांची बदली झाली तरी ते कागदावर राहतं.

आठ दिवस नुसतं बघायचं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे आणि बहुतेक ठिकाणी हीच गाळली जाते.

मैदानाचं एक ढोबळ चित्र काढून त्याच्या दहा-बारा झेरॉक्स काढा. सातवी-आठवीच्या मुलामुलींच्या चार जोड्या करा. मधल्या सुट्टीत दर पाच मिनिटांनी प्रत्येक जोडीनं आपल्या भागात कोण कुठं आहे ते खूण करून भरायचं, मुलगी असेल तर फुली, मुलगा असेल तर ठिपका, पहिली-दुसरीतलं लहान पोर असेल तर गोल. एकूण आठ दिवस हे करा, त्यात बाजारचा दिवस आणि पावसाचा दिवस दोन्ही यायला पाहिजेत.

आमच्याकडे सगळे कागद एकत्र केले तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. मैदानाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग नुसत्या ठिपक्यांचा होता, क्रिकेट. फुल्या सगळ्या पायऱ्यांवर आणि हातपंपाजवळ दाटून बसलेल्या. गोल व्हरांड्याच्या कडेला. मी इतकी वर्षं रोज ते मैदान बघत होते, पण कागदावर आल्यावरच ते मला दिसलं. एक सातवीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाला तिकडं खेळायला कुणी नाही म्हणत नाही, पण गेलं की बॉल लागतो." आणि बॅटिंग करणारी पोरंसुद्धा त्या कागदाकडे बघत होती, त्यांनाही हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी काही भाषण दिलं नाही, गरजच पडली नाही.

टिकल्यांचा नकाशा

मोठा नकाशा भिंतीवर लावा आणि बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणा, तीन रंगांची. हिरवी म्हणजे मला इथं आवडतं, लाल म्हणजे मला इथं नको वाटतं, काळी म्हणजे इथं भीती वाटते. पाच-सहा मुलांचा गट करून आधी सगळ्या आवाराला फेरी मारायची, मग येऊन टिकल्या लावायच्या. दोन गोष्टी सांभाळा. एक, मुलींचे गट वेगळे करा आणि त्यांच्याबरोबर बाईच असू द्या, नाहीतर शौचालयाबद्दल त्या काही बोलणार नाहीत. दोन, पहिली-दुसरीच्या पोरांना मोठ्यांच्या गटात घालू नका, मोठी पोरं सांगतात तिथं ती टिकली लावतात.

आमच्या नकाशावर काळ्या टिकल्या एकाच जागी साचल्या होत्या, मुलींच्या शौचालयामागचा कोपरा. गाजर गवत कमरेइतकं वाढलेलं, तिथून साप निघालेला दोघींनी बघितला होता, म्हणून मुली दिवसभर पाणीच कमी प्यायच्या. यासाठी कुठल्या निधीची वाट बघायची गरज नव्हती. पालकांनी दुसऱ्याच दिवशी मास्क लावून, हातमोजे घालून, फुलं यायच्या आत ते गवत उपटलं. (गाजर गवत मुलांकडून काढून घेऊ नका, अंगावर पुरळ येतं, दमा असेल तर त्रास होतो.) मुलांनी काही सांगितलं आणि ते लगेच झालं, एवढं एकदा घडलं की पुढच्या कामात ती जीव ओतून येतात, म्हणून असं एक छोटं काम पहिल्या पंधरवड्यात करून टाकाच.

मोजमाप, आणि पाण्याची नळी

इथं गणिताचे पंधरा तरी तास सत्कारणी लागतात. ३० मीटरचा टेप, सुतळी, खुंट्या आणि आलेख कागद, १ सेंटिमीटरला २ मीटर प्रमाण धरा. काटकोन काढायला गवंडी करतात तसं ३, ४, ५ फुटांचा सुतळीचा त्रिकोण. सावलीसाठी सकाळी ११, दुपारी १ आणि ४ वाजता सावलीच्या कडेने फक्कीची (मैदान आखायच्या पांढऱ्या पुडीची) रेघ मारायची, हे एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा मार्चमध्ये करा.

उतार मात्र नीट समजून घ्या, कारण मैदानात चिखल होतो तो उतारामुळेच. पारदर्शक नळी घ्यायची, दहा-बारा मीटर, त्यात पाणी भरायचं, बुडबुडा एकही ठेवायचा नाही. एक पोर एका टोकाला, दुसरं दुसऱ्या टोकाला, दोघांनी नळी उभ्या मोजपट्टीला लावून धरायची आणि पाणी स्थिर झालं की जमिनीपासून पाणी किती उंचीवर आहे ते वाचायचं. पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच असते, म्हणून जिथं आकडा मोठा तिथं जमीन खाली. सहावीतल्या एका मुलानं चार वेळा नळी वर-खाली करून बघितली, त्याला वाटलं पाणी चुकतंय, आणि मग एकदम ओरडला की मॅडम, ऑफिसकडंच खाली आहे! म्हणजे पावसाचं पाणी ऑफिसच्या भिंतीशी का साचतं ते आम्हाला त्या दिवशी कळलं, आधी आम्ही गटाराला दोष देत होतो. मैदानाला साधारण १०० ला १ उतार पुरतो, म्हणजे ३० मीटरला एक फूट, आणि तो इमारतीपासून लांब जाणारा असावा.

छताचा हिशोबही मुलांना करू द्या, सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० बाय २० फुटांचं छत म्हणजे साधारण १११ चौरस मीटर, त्यावर २० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला की दोन हजार लिटरच्या वर पाणी. आमच्या दुष्काळी भागात हा आकडा पोरांनी घरी जाऊन सांगितला आणि दुसऱ्या दिवशी दोन पालक पन्हाळीचे पाइप द्यायला तयार झाले.

"काय पाहिजे" विचारू नका

काय पाहिजे विचारलं की स्विमिंग पूल, मोठी घसरगुंडी, रेल्वेगाडी असं येतं आणि ते चूकही नाही, त्यांनी मोबाइलवर बघितलेलं असतं. त्याऐवजी मैदानात तुला काय करायला आवडेल असं विचारा. मग चढायचंय, लपायचंय, मातीत खेळायचंय, मैत्रिणीशी बोलत बसायचंय, जेवताना ऊन लागायला नको, असं येतं, आणि यातलं बरंचसं ओंडके, दगडी कट्टा, मातीचा ढीग आणि झाडाची सावली एवढ्यात होतं.

आलेल्या सगळ्या कल्पनांची यादी करून गावातल्या गवंड्याला, वेल्डरला बोलवा आणि अंदाजे खर्च मुलांसमोरच काढा. प्रत्येक कामाचं एक चित्र, खाली खर्च, समोर रिकामा डबा. मग मतदान. आम्ही मुलींना पाच-पाच चिंचोके दिले आणि मुलांना मक्याचे पाच-पाच दाणे, म्हणजे कुणाला काय हवंय ते मोजताना वेगळं दिसतं. नुसती बेरीज करून पहिला नंबर काढू नका, पटात मुलींपेक्षा मुलगे जास्त असतील तर दर वेळी क्रिकेटच जिंकणार. आमचा नियम असा होता की निवडलेल्या चार कामांत एक मुलींच्या डब्यात सगळ्यात वरचं, एक लहान वर्गांचं, आणि दिव्यांग मुलाला जे लागतं ते मतदानाबाहेर, ते करायचंच. उताराचा रस्ता म्हणजे रॅम्प १ ला १२ च्या प्रमाणात लागतो, म्हणजे एक फूट उंचीच्या पायरीला १२ फूट लांब. आधी होता तो रॅम्प इतका उभा होता की आमच्या व्हीलचेअरवाल्या मुलाला दोघांनी धरून वर न्यावं लागायचं. नवीन करताना त्यालाच विचारलं, तो म्हणाला कठडा हवा आणि वर वळायला जागा हवी. इंजिनिअर साहेबांच्या पहिल्या कच्च्या आराखड्यात वळायची जागा नव्हती, त्यांनी ती लगेच घातली.

फक्कीनं आखा आणि आठवडाभर तसंच राहू द्या

कागदावरचा प्लॅन पास झाला की लगेच काम सुरू करू नका. पूर्ण मापात फक्कीनं जमिनीवर आखा. झाड जिथं येणार तिथं काठी, कट्टा जिथं येणार तिथं विटा. आणि आठवडाभर शाळा तशीच चालू द्या.

आम्हाला खो-खोचं पूर्ण मैदान हवं होतं, ते २७ बाय १६ मीटर लागतं आणि भोवती मोकळी जागा वेगळी. आखल्यावर कळलं की पोषण आहाराची रांग बरोबर त्याच्या मधून जाते. मग मुलांनीच दोन दिवस वाद घालून ठरवलं की मोठं खो-खो नको, १२ बाय ८ मीटरचं कबड्डीचं मैदान घ्यायचं आणि खो-खो छोट्या मापात आडवं. क्रिकेटची दिशा फिरवली, बॅट्समन आता भिंतीकडे तोंड करून मारतो, त्यामुळे बॉल पायऱ्यांकडे येतच नाही. याला फक्त फक्की लागली.

कामाचं वेळापत्रक

पाणी कुठं साचतं ते जुलै-ऑगस्टमध्येच दिसतं, म्हणून बघायचं काम तेव्हा सुरू करा. प्लॅन दिवाळीच्या आसपास तयार पाहिजे, कारण ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा त्या दिवसांत ठरतो. ग्रामसभेत मुलांना नकाशा घेऊन उभं करा, २६ जानेवारीला आमच्या तीन मुलींनी पाच मिनिटांत मांडलं आणि सरपंचांनी तिथंच हात धुवायच्या स्टेशनचा विषय घेतला. बांधकाम, मुरूम, सपाटीकरण फेब्रुवारी ते मे. मुरूम कुणी फुकट देत असला तरी गौण खनिजाची (मुरूम, माती, वाळू उचलायची) परवानगी तहसीलला विचारून घ्या, नाहीतर ट्रॅक्टर अडकतो आणि देणाऱ्यालाच त्रास होतो. झाडं जून-जुलैमध्ये.

खोदणं, दगड उचलणं, सिमेंट, वेल्डिंग, फवारणी यातलं काहीही मुलांनी करायचं नाही. मोजणं, आखणं, रोप लावणं, पाणी घालणं, रंगवणं हे त्यांचं. खोदलेला खड्डा रात्री उघडा ठेवू नका. झोपाळ्याखाली फूटभर वाळू आणि पुढे-मागे भरपूर मोकळी जागा ठेवा. पत्र्याची घसरगुंडी उन्हात तापून भाजते, ती झाडाच्या सावलीतच बसवा. जुने टायर वापरणार असाल तर त्यांना खालून भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.

झाडं कमी लावा, पण जगवा

आधीच्या शाळेत एका दिवशी शंभर रोपं लावली, फोटो काढले, आणि मे संपेपर्यंत चार उरली. म्हणून या वेळी मुलांना आधी एकच प्रश्न विचारला, मे महिन्यात पाणी कोण घालणार? ज्यांची घरं शाळेजवळ आहेत अशी अकरा मुलं निघाली, प्रत्येकी दोन झाडं जमतील म्हणाली, म्हणून बावीसच लावली.

खड्डे मेमध्येच खणून उन्हात तापू द्या, दोन फूट लांब-रुंद-खोल, मग वरची माती, शेणखत आणि निंबोळी पेंड घालून भरा. कडुनिंब, करंज, जांभूळ, चिंच, आवळा, बहावा, कांचन ही आपल्याकडे टिकणारी. वड-पिंपळ लावायचे तर इमारतीपासून दहा मीटर तरी लांब. गुलमोहर दिसायला छान पण फांद्या पटकन मोडतात, जिथं मुलं बसतात तिथं नको. आणि कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड, मोगली एरंड शाळेच्या आवारात अजिबात नको, मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि दवाखान्यात न्यायची वेळ येते. कुंपणाला लावलेलं असेल तर आजच काढा.

प्रत्येक रोपाशेजारी एक मडकं पुरा, तळाला बारीक भोक, त्यात सुती कापडाची वात, वर झाकण. आठवड्यातून दोनदा भरलं तरी उन्हाळ्यात रोप तग धरतं. भोवती बाभळीच्या काट्या, शेळ्यांसाठी. हात धुवायच्या स्टेशनचं पाणी चर काढून परसबागेत सोडा, आमचा शेवगा आणि कढीपत्ता त्याच पाण्यावर वाढला आणि आता खिचडीत तोच पडतो.

देखभालीचं रजिस्टर मुलांच्या हातात द्या. कोणता खिळा निघालाय, कुठला नळ गळतोय, दर शनिवारी दोन मुलं फेरी मारून लिहितात आणि सोमवारी मुख्याध्यापक त्यावर सही करून कुणाला काम सांगितलं ते पुढे लिहितात. सही आणि पुढचं नाव हे दोन रकाने असल्याशिवाय रजिस्टर भरण्यात अर्थ नाही, मुलं दोन महिन्यांत कंटाळतात.

वर्षानं तेच कागद परत

बरोबर एक वर्षानं पुन्हा झेरॉक्स काढा, पुन्हा फुल्या-ठिपके, पुन्हा टिकल्या. आमच्या दुसऱ्या नकाशात शौचालयामागच्या काळ्या टिकल्या गेल्या होत्या. फुल्या कबड्डीच्या मैदानात आणि जांभळाजवळच्या कट्ट्यावर होत्या. पण नव्या परसबागेजवळ पाच लाल टिकल्या लागल्या, सगळ्या पहिलीच्या पोरांच्या. विचारलं तर कळलं की तिथल्या पाण्याच्या चरावरून त्यांना उडी मारता येत नाही आणि मोठी पोरं हसतात. चरावर दोन शहाबादी फरश्या टाकल्या, एका दुपारचं काम. रजिस्टरमध्ये त्याची नोंद पहिलीतल्या एका मुलीनं केली आहे, "पूल झाला", आणि बाजूला पुलाचं चित्र.